पिवळ्या करडांची पेंड

आमच्या हायस्कुलात अकरा वर्षे सायन्स मी शिकवले. सायन्सची पदवी माझ्याजवळ नव्हती. खरे तर पदवीच नव्हती. इंटरपर्यंत गेलो आणि तिथूनच परत आलो. पण पुस्तके होती, मासिके येत होती, आणि सोलापुरात त्या काळी तेवढ्यावर भागत असे. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटे आणि एक गळका नळ. कपाटातल्या प्रत्येक बाटलीवर मी माझ्या हाताने चिठ्ठी डकवली होती. काही बाटल्या रिकाम्या होत्या, त्यांनाही डकवली होती.

मग एका जूनमध्ये नवे सायन्स मास्तर आले. मुंबईचे बी.एस्सी., वय सव्वीस, डोक्यावर सोला हॅट. वर्गात येताना ते पांढरा कोट घालत. त्या कोटावर कधी डाग पडलेला मी पाहिला नाही, आणि बराच काळ मी त्या डागाची वाट पाहत होतो. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितले की, आता तुमच्यावरचा भार हलका होणार. वरचा माणूस आपला भार हलका करायला निघाला की आपल्या हातातले काहीतरी जाणार, हे मी अनुभवाने शिकलो होतो. कपाटांच्या किल्ल्या गेल्या. मला मराठी आणि मोडी हे विषय मिळाले.

मोडी तेव्हा शाळेतून जाता जाता उंबऱ्यावर थांबलेली होती. मुलांना ती नको असे, पण कचेऱ्यांत आणि पेढ्यांवर ती अजून चाले. माझे मोडी अक्षर गावात नावाजलेले होते. हात न उचलता ओळच्या ओळ लिहायची, आणि काना वरच्या रेघेला भिडताना त्याला एक लहानसा वळसा द्यायचा, ही माझी लकब. लोक कागद उजेडात धरून तो वळसा बघत. सायन्स गेल्यावर मिरवायला माझ्याकडे तेवढेच उरले होते.

नव्या मास्तरांना मोडी येत नाही हे कळल्यावर मला दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या खोलीत सगळ्यांसमोर ते स्वतःच हसत म्हणाले की, मला मोडीचं अक्षर कळत नाही, फावल्या वेळात कुणीतरी शिकवा. मग त्यातही काही राम उरला नाही. हा माणूस आपले उणे असे चारचौघांत काढून ठेवी की दुसऱ्याला ते वापरता येऊ नये.

मी आणि बायको राहत होतो ती खोली एका हलवायाच्या दुकानावर होती. हलवाई अंगाने जाड आणि बोलण्याने बारीक. त्याचे बुंदीचे लाडू गावात प्रसिद्ध होते, आणि ते पिवळेधमक असत. हा पिवळा रंग एका परदेशी डब्यातल्या पुडीचा. डब्यावर मोराचे चित्र होते, म्हणून सगळे तिला मोराची पूड म्हणत. नखावर मावेल एवढी घातली की कढईभर बुंदी उजळून निघे. पूड सगळेच हलवाई वापरत. बाकीचे विचारले की केशर घालतो म्हणून सांगत. हा एकटा डबा काढून दाखवी. पुढे जे झाले ते त्यालाच का झाले, हे यावरून ध्यानात यावे.

म्युनिसिपालिटीच्या आरोग्य कमिटीचे एक सभासद एका मुंजीत जेवले. त्यांनी या हलवायाचे किती लाडू खाल्ले याबद्दल पंगतीत मतभेद होते, पण दहाच्या खाली कोणीच येत नव्हते. त्यांचे पोट बिघडले. दुसऱ्या दिवशी मोरीत उभे असताना त्यांना जे पिवळे दिसले त्याने ते घाबरले, आणि तसेच कपडे करून त्यांनी म्युनिसिपालिटी गाठली. कमिटी बसली. ठरले असे की, मोराची पूड अपायकारक आहे की नाही याची शास्त्रीय परीक्षा करावी, निकाल गड्ड्याच्या जत्रेआधी लावावा, आणि अपायकारक ठरल्यास या हलवायाचा परवाना काढून घ्यावा व दुकान बंद करावे.

गड्डा संक्रांतीला भरतो. हलवायाचे वर्ष त्यावर चाले. बायको गेलेली, मूल नाही, दुसरा धंदा येत नाही. दुकान बंद म्हणजे त्याला दुसरे काहीच नव्हते, हे तो स्वतः कधी बोलला नाही. जिन्यावरून जाता-येता मलाच दिसत होते.

परीक्षा कशी करावी याचा मार्ग नव्या मास्तरांनी सुचवला. वाढत्या अंगाला जे सोसत नाही ते लवकर दिसून येते, म्हणून पूड कोवळ्या जनावरांना खाऊ घालावी. एका गटाला पूड द्यावी, दुसऱ्याला देऊ नये, बाकी सगळे सारखे ठेवावे, आणि दर आठवड्याला वजन करावे. ही गोष्ट मी तीन वर्षांपूर्वी एका मासिकात वाचली होती आणि हेडमास्तरांना सांगितलीही होती. तेव्हा ते ‘हं’ म्हणाले होते. आता तीच ऐकून ते ‘वा’ म्हणाले.

परदेशात यासाठी पांढरे उंदीर पाळतात. सोलापुरात उंदरांना तोटा नव्हता, पण त्यांच्या कुळाची आणि आजवरच्या खाण्यापिण्याची खात्री कोण देणार? म्हणून शेळीची करडे घ्यायचे ठरले. आमच्या शाळेचा म्हातारा शिपाई जातीने धनगर, गाव करमाळ्याकडे. त्याच्या भावाने नुकतीच दूध सोडून पेंड खायला लागलेली बारा करडे पाठवली. शाळेच्या मागे एका जुन्या हेडमास्तरांच्या घोड्याचा तबेला रिकामा होता. तो झाडला, मध्ये बांबूची ताटी घातली, आणि करडे येण्याआधी दारावर पाटी लागली.

उद्घाटन झाले. उद्घाटनाशिवाय आमच्याकडे पाण्याचा नळसुद्धा सुटत नसे. कमिटीचे अध्यक्ष निवृत्त मामलेदार होते. विज्ञानाच्या यज्ञात हे मुके जीव आपली आहुती देत आहेत, असे ते भाषणात म्हणाले. त्याबरोबर शिपाई घाईने माझ्याजवळ आला आणि हळूच विचारू लागला, “मास्तर, कापणार न्हाईत न्हवं? मी भावाला शबुद दिलाय.” मी त्याला सांगितले की, आहुती फक्त भाषणात आहे. मग फोटो निघाला. मधोमध अध्यक्ष, त्यांच्या शेजारी करडू उचलून घेतलेले नवे मास्तर, आणि करडू अध्यक्षांचा हार खाते आहे. फोटो चांगला आला. उजव्या कडेला त्यात माझे कोपरही आले आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नवे मास्तर माझ्याकडे कागद घेऊन आले. करडांना खाऊ घालायचे काम शिपायाकडे होते. त्याला लिहिता-वाचता येत होते, पण गावच्या कुलकर्ण्याकडे शिकल्यामुळे मोडीच तेवढी. नव्या मास्तरांनी नियम बाळबोध देवनागरीत लिहून आणले होते. “तुमच्या अक्षराबद्दल फार ऐकलंय,” ते म्हणाले, “एवढं मोडीत करून देता का? म्हणजे घोटाळा नको.”

ते अगदी मनापासून म्हणाले. माझ्या अंगाची आग झाली ती त्यानेच. माझ्या कपाटांच्या किल्ल्या ज्याच्या खिशात, त्याच्या प्रयोगाची नक्कल करायला मी. आणि वर माझे अक्षर सुंदर. मी टाक उचलला आणि एका झपाट्यात कागद लिहून काढला. रागात माझा हात जास्तच वळणदार चाले. करडांच्या गळ्यात गिरणीचे सूत बांधावे, सहांच्या पांढरे आणि सहांच्या पिवळे. दोन्ही गट ताटीच्या दोन बाजूंना ठेवावेत. रोज मिळणारी पुडी पिवळ्यांच्या पेंडीत कालवावी. पिवळ्या करडांची पेंड वेगळी भिजवावी, ती पांढऱ्यांना लावू नये. असे चार नियम होते. नव्या मास्तरांनी कागद हातात घेतला, “वा, चित्र आहे चित्र,” म्हणाले, आणि खाली इंग्रजीत सही केली.

त्यानंतर मी तबेल्याकडे फिरकलो नाही. सगळा गाव जाऊन आला. रविवारी सकाळी वजन करण्याचा समारंभ असे. करडाला झोळीत घालून झोळी काट्याला टांगायची, आणि नवे मास्तर खाली वाकून, करडू शांत होईपर्यंत, त्याच्याशी काहीतरी बोलत राहायचे. आमच्या घरातून शेजारणीबरोबर जाणे झाले. परत आल्यावर किती मायेने तोलतात हो, असे मला ऐकवण्यात आले. मी म्हणालो की, जिवंत माल आहे, आपटून कसा तोलतील. त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हते.

चौथ्या आठवड्यात बातमी आली की पिवळी करडे उतरली. त्यांना हगवण लागली, केस राठ झाले, खेळायची थांबली. पांढरी उड्या मारत होती. नव्या मास्तरांनी एका मोठ्या कागदावर दोन रेघा काढल्या. पांढऱ्यांची रेघ वर चालली होती, पिवळ्यांची आडवी होऊन खाली वळत होती. असला आलेख गावात पूर्वी कोणी पाहिला नव्हता. वकील, डॉक्टर, गिरणीतले मोठे कारकून येऊन त्याच्यापुढे उभे राहत आणि देवळात हलवतात तशी मान हलवत. सहाव्या आठवड्यात पिवळ्यांतले एक मेले.

त्या बातमीने मला वाईट वाटले. कशाचे वाटले हे लिहायचे तर खरे लिहिले पाहिजे. करडाचे थोडे वाटले, हलवायाचे त्याहून जास्त वाटले, आणि नव्या मास्तरांचा प्रयोग यशस्वी झाला याचे सगळ्यात जास्त वाटले.

हलवायाकडे गिऱ्हाईक येईना. त्याच्या दोन भट्ट्यांपैकी एक बंद झाली. खोलीत बसल्या बसल्या मला ते कळे, कारण माझी अर्धी फरशी गार पडली. निकालाच्या सभेला एक दिवस उरला असताना, रविवारी दुपारी, तो जिना चढून वर आला. या आधी तो कधी वर आला नव्हता. दारातच उभा राहिला.

“मास्तर, तुमी एकदा नजर टाकून या की तितं,” तो म्हणाला. “पुडीनं मरत असतील तर मीच बंद करतो, कमिटी कशाला पायजे. पर मी सोता रोज खातो वो. वीस वरीस झाली.”

मी म्हणालो, तिथे मोठे शिकलेले मास्तर आहेत, मी जाऊन काय करणार.

“त्यास्नी शाळेतलं कळतंय. तुमाला समदं कळतंय.”

माझ्याविषयी इतके अचूक कोणी बोलले नव्हते. मी लगेच टोपी घातली.

तबेल्यात शिपाई एकटाच होता. सकाळचे वजन आटोपून मंडळी गेली होती. पांढऱ्या सुताची सहा करडे ताटीवर पाय देऊन उभी राहिली. पिवळ्या सुताची पाच एका कोपऱ्यात एकमेकांना टेकून बसली होती. त्यांच्या शेपट्या घाणीने चिकटल्या होत्या. त्यांच्यापुढच्या पाटीत भिजवलेली पेंड होती, मोराच्या पुडीने पिवळीजर्द झालेली. नव्या मास्तरांना तिच्यात पिवळ्या रंगाखेरीज काही दिसले नसणार. मला पाटीच्या काठाला चिकटलेल्या पांढरट, टणक साली दिसल्या. मी एक साल उचलून दाताखाली धरली.

सोलापूरच्या माणसाला ती साल ओळखायला पदवी लागत नाही. गावाबाहेर कुठेही जा, ज्वारीच्या कडेने करडी उभी असते; काटेरी झाड, पिवळे फूल. तिचेच तेल आमच्या घरोघरी. सालीसकट दाणा घाण्यात गेला की त्याची पेंड बैलापुढे टाकतात. कोवळ्या जनावरापुढे टाकत नाहीत.

“मामा, ही पेंड कसली?” मी विचारले.

“करडीची.”

“आणि पांढऱ्यांना?”

“त्यास्नी भुईमुगाची. पयल्यापासनं.”

“एवढ्याशा करडांना करडीची पेंड कुणी देतं का?”

“कोन देईल? आतड्याला टोचती की ती.” त्याला माझ्या अडाणीपणाचे आश्चर्य वाटलेले दिसले. “पर तीच तर परीक्षा हाय न्हवं, मास्तर? करडांना करडी सोसती का न्हाय. आमच्याकडं कुनालाबी इचारलं असतं तर सांगितलं असतं, न्हाय सोसत म्हनून. पर सायबाला दोन म्हयने बघायचंय. मोटी मानसं हायती. बघू द्या.”

“आणि ती पुडी रोज कालवता ती?”

“ती रंगासाटी. पिवळी करडी लिवलंय, मंग पिवळी दिसाया नको?”

मी ताटीला धरून उभा राहिलो. मला झालेला आनंद लिहून दाखवणे कठीण आहे. असला आनंद चांगल्या माणसाला आयुष्यात होत नाही. हॅट, कोट, आलेख, मुंबई, सगळे एका सालीवर घसरून पडले होते, आणि ती साल माझ्या दातात होती. मनातल्या मनात मी कमिटीपुढे उभा राहिलो आणि बोललोही. अगदी शांतपणे, विनयाने, एकही कठोर शब्द न वापरता. दोनदा बोललो. दुसऱ्या वेळी जास्त चांगले झाले.

मग मी त्याला विचारले की, पेंड करडीची द्यायची हे तुम्हाला सांगितले कोणी.

“कागुद हाय की.” त्याने पटक्याच्या घडीतून तो काढून माझ्यापुढे धरला. “अक्षर बाकी लई देखनं हाय बगा.”

‘पिवळ्या करडांची पेंड वेगळी भिजवावी.’ मी तसेच लिहिले होते. पण ‘डा’चा काना वरच्या रेघेला भिडताना मी त्याला माझा वळसा दिला होता, आणि रागाच्या भरात तो नेहमीपेक्षा मोठा झाला होता. मोडीत अनुस्वार कोण देतो? मीही दिला नव्हता. कागदावर स्वच्छ वेलांटी दिसत होती. पिवळ्या करडीची पेंड वेगळी भिजवावी. मी स्वतः तो कागद तीनदा वाचला आणि तीनही वेळा करडीच वाचली.

मी कागदाची घडी करून खिशात घातली. शिपायाला म्हणालो की आजपासून ही पेंड बंद करा. तो म्हणाला, सायेब सांगतील तवा.

सरळ माणूस त्याच पावली नव्या मास्तरांच्या घरी गेला असता. मी शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. कागद एकच होता. तो फाडला असता तर शिपायाने चुकीचे ऐकले एवढेच उरले असते. मुळात काही बोललोच नसतो तर काहीच उरले नसते, फक्त खालचे दुकान उरले नसते. तिसरा मार्ग म्हणजे कागदासकट बोलायचे. मी पहिल्या दोन मार्गांचा जितका वेळ विचार केला तितका तिसऱ्याचा केला नाही. घरी येताना हलवाई दुकानाच्या पायरीवर बसलेला दिसला. मला पाहून तो उठून उभा राहिला फक्त.

सोमवारी गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाल्यावर सभा भरली. आलेख भिंतीवर लावला होता. हलवायाला पुरावा घेऊन हजर राहायला सांगितले होते, म्हणून तो मोराचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून दाराजवळ उभा होता. शेजारी शिपाई. नव्या मास्तरांनी अहवाल वाचला. पिवळ्या गटाची प्रकृती बिघडली आहे, एक करडू दगावले आहे, आणि पुडीखेरीज दुसरा फरक आपण ठेवला नव्हता, असे त्यांनी सांगितले. त्यांचा आवाज उत्साही नव्हता. मुंजीत जेवलेले सभासद मात्र खुर्चीत ऐसपैस झाले. अध्यक्षांनी निकाल लिहायला टाक उचलला, आणि मी उभा राहिलो.

मी म्हणालो, पिवळ्या गटाला करडीची पेंड दिली जात होती.

“मग?” अध्यक्ष म्हणाले. “करडांना करडांची नाही तर कुणाची द्यायची?”

सभा हसली. मनात दोनदा केलेले भाषण कुठे गेले ते मला कळले नाही. करडू वेगळे, करडी वेगळी, हे निवृत्त मामलेदारांना समजावून सांगण्यात बराच वेळ गेला, आणि प्रत्येक वेळी तो शब्द उच्चारताना कुणीतरी हसत होते. शेवटी मी कागद टेबलावर ठेवला. म्हणालो, “शिपायाच्या वाचण्यात चूक झाली.”

मी हेच वाक्य म्हणालो. दुसरे वाक्य मागून येणार होते.

“लिवलं तसंच वाचलं जी,” शिपाई दारातून म्हणाला.

कागद टेबलाभोवती फिरला. मोडी येणाऱ्या दोघांनी करडीच वाचली. हे अक्षर कुणाचे, असे अध्यक्षांनी विचारले. खरे तर त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक होते. मी तोंड उघडले. तेवढ्यात नव्या मास्तरांनी हात पुढे करून कागद घेतला, तो क्षणभर पाहिला. वाचायचा प्रश्नच नव्हता.

“खाली सही माझी आहे,” ते म्हणाले. “मला वाचता येत नव्हतं तरी मी केली. आणि दोन महिने पाटीत हात घालून बघितलं नाही. चूक माझी आहे.”

मग ते उठले, भिंतीवरचा आलेख स्वतःच्या हाताने उतरवला आणि त्याची सुरळी केली.

सभेने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी सत्यनिष्ठेवर भाषण केले. त्यात यज्ञ पुन्हा आला, या वेळी आहुती नव्या मास्तरांची होती. निकाल पुढे ढकलला, हलवायाला गड्ड्यात दुकान लावायची परवानगी मिळाली. मी अजून उभाच होतो. कुणाच्या लक्षात नव्हते, तेव्हा बसलो. दुसरे वाक्य तोंडातच राहिले. अकरा वर्षांचे सायन्स त्यांना गेले, करडांची कल्पना गेली, त्याचे मला दुःख होते; त्या दिवशी माझी स्वतःची चूकही त्यांच्याकडे गेली आणि तिने त्यांना शोभा आणली. माझ्याजवळ असती तर ती नुसती चूक राहिली असती.

गावातल्या साप्ताहिकाने त्यांच्यावर पाऊण पान लिहिले. मी ते पान पूर्ण वाचले. कोपर कुठे आले आहे का ते पाहत होतो.

गड्डा झाल्यावर हलवाई पुन्हा जिना चढून वर आला. नव्या मास्तरांच्या घरी तो परातभर लाडू देऊन आला होता. माझ्यासाठी चार आणले होते, पळसाच्या पानात.

“सायबानं वाचवलं बगा मला,” तो म्हणाला. “आनि तुमीबी व्हता म्हनं तितं.”

“होतो,” मी म्हणालो.

लाडू चांगले होते. रंग जरा फिका वाटला. विचारले तेव्हा म्हणाला की, पूड निम्मीच घालतो आता. मानूस कोन मेलं न्हाय तरी त्या करडांकडं बघून हात आकडतो.

दुसरी परीक्षा फाल्गुनात झाली. नवी बारा करडे, सगळ्यांना भुईमुगाची पेंड. दोन रेघा शेवटपर्यंत जवळजवळ एकमेकींवर चालल्या. कमिटीला ‘पूड निर्धोक आहे’ असे वाक्य हवे होते. नव्या मास्तरांनी ते दिले नाही. इतक्या प्रमाणात, इतक्या दिवसांत, या करडांत अपाय दिसला नाही, यापलीकडे आपल्याला माहीत नाही, असे त्यांनी लिहिले. अध्यक्षांना ते फार त्रोटक वाटले. मला ते वाक्य आपण लिहायला हवे होते असे वाटले, आणि अजून वाटते.

पण या सगळ्यातून मनात राहिला तो ही दुसरी परीक्षा सुरू होण्याआधीचा दिवस. मधल्या सुट्टीत नवे मास्तर पुन्हा माझ्याकडे आले. हातात बाळबोधीत लिहिलेला तसाच कागद. सभेतल्या प्रकाराबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. म्हणाले, “मोडी तुम्हीच करून द्या.”

मी म्हणालो, आता शिपायाला तोंडी सांगितले तरी चालेल.

“नको, लेखी बरं. लिहा तुम्ही.”

मी सावकाश लिहिले. काने सरळ काढले, एकालाही वळसा दिला नाही. ‘करडांची’ न लिहिता ‘शेळीच्या पिलांची’ लिहिले. पेंडीच्या आधी ‘भुईमुगाची’ लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. माझ्या हातून इतके कुरूप अक्षर कधी निघाले नव्हते. लिहून झाल्यावर कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणालो की वाचून दाखवतो, ऐका.

“कशाला?” ते म्हणाले, आणि माझ्या हातातला टाक घेऊन त्यांनी खाली सही केली.